दुप्पट आणि त्याच्या पुढचं घर

माझा धाकटा भाऊ दोनदा गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा तो जिवंत होता आणि अख्खी वस्ती रडली. दुसऱ्यांदा खरंच गेला तेव्हा कुणी ढुंकून बघेना. मी त्याला शब्द दिलेला होता, म्हणून हे सगळं सांगत बसलेय. तो म्हणायचा, "ताई, मी गेलो की शेवटच्या घरापर्यंत कळलं पाहिजे हं. मधेच अडकायला नको." मी म्हणायचे, "आधी जेवून घे, मग जा कुठे जायचं ते."

तो आमच्या वस्तीला पाणी सोडायचा. चावीवाला म्हणायचे त्याला. चावी म्हणजे कुलपाची नाही, छातीएवढी उंच लोखंडी सळई, वरती आडवा दांडा. आमच्या दारापासून वीस पावलांवर रस्त्यात लोखंडी झाकण आहे. ते उचलायचं, खाली खड्ड्यात व्हॉल्व्ह आहे, त्यात चावी बसवायची आणि चौदा फेरे फिरवायचे. तासाभराने उलटे चौदा. तेरा फेऱ्यांवर सोडलं तर चढावरच्या घरांना पाणी चढत नाही, असं तो म्हणायचा, आणि मोजताना कुणी बोललं की पहिल्यापासून फिरवायचा. त्याचं लग्न झालं नाही. माझं झालं आणि संपलं. दोन खोल्या, आम्ही दोघं, आणि ती चावी दाराच्या मागे तिसऱ्या माणसासारखी उभी.

टाकी भरली की पाणी सोडायचं. टाकी कधी दुपारी साडेतीनला भरायची, कधी साडेचारला, तिच्या मनात येईल तेव्हा. मग सांगायला जायला लागायचं. घरं पाचशे दहा. हा हातात घंटा घेऊन निघायचा, दारोदार, "पाणी आलं, पाणी आलं." एका घराला पाव मिनिट धरलं तरी दोन तास लागतात, आणि पाणी एकच तास. म्हणजे अर्ध्या लोकांना हा पाणी आल्याचं सांगायचा तेव्हा पाणी गेलेलं असायचं. चढावर अगदी शेवटी एक आजी एकट्या राहतात, डोळ्यांना कमी दिसतं. तिथे पोचला की त्या विचारायच्या, "आलं का?" हा म्हणायचा, "गेलं." आजी म्हणायच्या, "बरं झालं सांगितलंस, नाहीतर वाट बघत बसले असते."

एवढंच त्याच्या मनाला लागलं. दोन दिवस नीट जेवला नाही.

मग तो गणिताच्या बाईंकडे गेला. बाई समोरच राहतात, शाळेतून निवृत्त झाल्या तरी दारात फळा टांगलेला. ह्याने विचारलं, "बाई, मी जोरात पळालो तर?" बाई म्हणाल्या, "तू कितीही पळ, तू एकाच्या पुढे एक मिळवत जाणार. एक, दोन, तीन, चार. मिळवू नकोस, गुणत जा."

आणि फळ्यावर लिहिलं. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न. "तू दोन घरांना सांग. त्या दोघांनी प्रत्येकी दोघांना सांगायचं. दर वेळी मागच्याला त्याच आकड्याने गुणायचं. ह्याला भूमिती श्रेढी म्हणतात. ज्या आकड्याने गुणतोस ते गुणोत्तर. तुझं गुणोत्तर दोन."

"आणि सगळ्यांची बेरीज?"

"शेवटचा आकडा दुप्पट कर आणि पहिला वजा कर."

पाचशे बारातून दोन गेले, पाचशे दहा. आमच्या वस्तीची घरं बरोब्बर पाचशे दहा. माझा भाऊ फळ्यापुढे असा उभा राहिला जसं कुणी त्याच्यासाठी स्थळच आणलंय. आठ पायऱ्या! एकेका पायरीला दोन मिनिटं. सोळा मिनिटांत आजींच्या दारात!

महिनाभर त्याने निळा ऑइलपेंट आणि ब्रश घेऊन दारांवर नंबर टाकले. तो स्वतः एक नंबर. इस्त्रीवाला दोन, गणिताच्या बाई तीन. नियम साधा. आपला नंबर दुप्पट करायचा, त्या घराला सांगायचं, आणि त्याच्या पुढच्या घराला सांगायचं. दोन नंबरने चार आणि पाचला, तीन नंबरने सहा आणि सातला. नंबर असे टाकले की आपली दोन घरं हाकेच्या अंतरावर यावीत. आजी पाचशे अकरा. पोस्टमन रडकुंडीला आला. "पत्रावर चाळीस लिहिलंय, दारावर तीनशे सात, मी जाऊ कुठे?" हा म्हणाला, "पत्र उद्या आलं तरी चालतं." मध्ये कुणीतरी फोनवर ग्रुप काढून बघितला, पण तिथे फुलांची चित्रं एवढी यायची की पाण्याची बातमी खाली बुडायची.

पहिल्या दिवशी सतरा मिनिटं लागली. आजींनी आयुष्यात पहिल्यांदा येतं पाणी बघितलं.

मग ह्याचं डोकंच फिरलं म्हणा. ह्याला माणसं दिसेनात, माणसाखाली लटकलेली घरं दिसायला लागली. एक्केचाळीस नंबरचे नवरा-बायको भांडले, दार लावून बसले, तर हा दार वाजवतोय. "तुमच्या भांडणाखाली चौदा घरं आहेत!" बायको आतून ओरडली, "त्यांना सांगा ह्यांची समजूत घाला!" हा खरंच जाऊन एकेकाला घेऊन आला. चौदा घरांतली माणसं अंगणात उभी, आणि नवरा खिडकीतून म्हणतोय, माझं चुकलं, माझं चुकलं. पाच नंबरला दात काढणारा डॉक्टर राहतो. त्याच्याखाली एकशे सव्वीस घरं. तो नुसता शिंकला तरी हा औषध घेऊन दारात. डॉक्टर म्हणायचा, "अरे, मी स्वतः डॉक्टर आहे." हा म्हणायचा, "दातांचे. छातीची जबाबदारी घेऊ नका." आणि मला साधी विचारपूस नाही. एकदा तापाने फणफणले होते, तर म्हणतो कसा, "ताई, तुझ्याखाली कुणी नाही, तू निवांत झोप."

ह्या सांगण्याच्या साखळीमुळे एक झालं. घंटा बंद झाली, हिंडणं बंद झालं, आणि त्याला कुणी बघेनासं झालं. इस्त्रीवाला, बाई आणि असं एखादं अडलेलं घर सोडून चावीवाल्याचं तोंड कुणाला दिसायचं नाही, नुसतं पाणी यायचं. हे लक्षात ठेवा.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. उकाडा असा की अंगाची लाही लाही. चावी व्हॉल्व्हवरून निसटून सारखी वर यायची, म्हणून हा दुपारी खाली खड्ड्यात उतरला बघायला. खड्डा थंडगार. ह्याने चप्पल वर काढून शेजारी शेजारी ठेवलेली, चावी आडवी टाकलेली, आणि आत भिंतीला टेकून हा डाराडूर. इस्त्रीवाला तिकडून गठ्ठा घेऊन चाललेला. त्याला दिसलं उघडं झाकण, जोडून ठेवलेली चप्पल आणि आडवी चावी. तीन हाका मारल्या. माझ्या भावाला झोपेत हाका ऐकू येत नाहीत, लहानपणापासून. बस्स. गठ्ठा टाकून तो पळाला, आणि आपला नंबर दुप्पट केला.

पण वाईट बातमी दोनावर थांबते का? बाईंनी नंतर घरोघर विचारून हिशोब लावला. प्रत्येकाने सरासरी पाच घरांना सांगितलं. पाच, पंचवीस, एकशे पंचवीस, सहाशे पंचवीस. चार पायऱ्यांत सातशे ऐंशी! घरं पाचशे दहा आणि बातम्या सातशे ऐंशी, म्हणजे कितीतरी घरांत माझा भाऊ दोन दोनदा गेला. मी नळाखाली हंडा लावून ठेवत होते. चार बायका येऊन माझ्या गळ्यात पडल्या तेव्हा मला वाटलं ह्यांच्यातलंच कुणी गेलं. मीच त्यांना धीर देत होते.

तेवढ्यात हा खड्ड्यातून डोकं बाहेर काढून म्हणतो, "कोण गेलं?"

इस्त्रीवाला तिथेच मटकन बसला.

आता उलटी बातमी सोडायची. चावीवाला आहे, आहे. हा स्वतः गल्लीभर पळत सोळा घरांना सांगून आला आणि दम खात बसला. म्हणाला, "झालं, आता पोचेल." पण चांगली बातमी कोण पळवतं? लोक म्हणाले बरं झालं, आणि परत कामाला लागले. सोळांनी मिळून आठ घरांना सांगितलं, आठांनी चार, चारांनी दोन, दोघांनी एकाला, आणि तो एक ऐकून तसाच गावाला निघून गेला. बाईंनी फळ्यावर मांडलं. सोळा, आठ, चार, दोन, एक, एकूण एकतीस. "गुणोत्तर एकाहून कमी झालं की श्रेढी विझते रे," बाई म्हणाल्या. "पुढे अर्धं, पाव, असं कितीही जोडत गेलास तरी बत्तिसाला पोचणार नाही."

म्हणजे एकतीस घरांत माझा भाऊ जिवंत आणि चारशे एकोणऐंशी घरांत मेलेला. आणि पाणी तर रोज येतंय. मग लोकांनी आपल्या मनाने जुळवलं की कुणीतरी नवा लागला. भाजीच्या दुकानात माझ्यासमोर एक म्हणतोय, "नवा वेळेवर सोडतो हो, आधीच्यापेक्षा जोर जास्त." हे मी घरी सांगितलं तर माझा भाऊ लालबुंद. "जोर जास्त? तेच चौदा फेरे आहेत!"

पाणी कचेरीतल्या कारकुनाने तर ह्याचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला, कोपऱ्यात काळी फीत. हा रोज सकाळी त्याच फोटोखाली उभा राहून हजेरीची सही करायचा. एकदा मी बरोबर होते तेव्हा ह्याने विचारलं, काढता का हो हा. कारकून म्हणाला, "काढायचा तर घरच्या कुणाचा तरी अर्ज लागेल, की अमुक गेलेला नाही म्हणून. सोबत पुरावा." मी म्हटलं मी देते अर्ज. तर हा मान तिरकी करून फोटोकडे बघत म्हणाला, "राहू दे ताई. चांगला आलाय."

आजींना सांगायला मात्र तो स्वतः गेला. संध्याकाळी परत आला. मी म्हटलं, "सांगितलंस ना?"

"नाही."

"का रे?"

"मी गेलो तर त्या म्हणाल्या, नवा का तू? बस. आणि मग आधीच्याबद्दल बोलत बसल्या. म्हणाल्या, तो माणूस माझ्यासाठी अख्खी वस्ती फिरवून गेला. त्याच्यासारखा होणे नाही. तू आपला प्रयत्न करत राहा." मग म्हणाला, "ताई, जिवंतपणी माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं. कसं मोडू त्यांचं मन?"

मग दर रविवारी जायचा, स्वतःबद्दल ऐकायला. येताना तरतरीत होऊन यायचा. कधीकधी चिडायचाही. "आज म्हणाल्या, पहिला उंच होता. मी उंच नाही का?"

चार वर्षं अशी गेली. आणि त्या दिवशी सकाळी अकरा वाजता खुर्चीत बसून चावीला तेल लावत होता, मी आत भांडी घासत होते. चावी पडल्याचा आवाज आला. तो चावी कधी पाडत नाही. मी हात न धुता बाहेर आले. झालेलं होतं.

डॉक्टर आला, दातांचाच, जवळचा तोच. हात बघितला, मान हलवली, माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिला. साडेपाचला न्यायचं ठरलं. मला आधी रडायला पाहिजे होतं. पण माझ्या डोक्यात एकच, शेवटच्या घरापर्यंत कळलं पाहिजे.

मी इस्त्रीवाल्याकडे गेले. तो येऊन बघून गेला, ओक्साबोक्शी रडला. मी म्हटलं, आता पुढे सांगा. तो हात जोडून म्हणाला, "ताई, मी नको. मी एकदा त्याला मारलंय. माझ्या तोंडून कोण ऐकेल?" बाईंनी सहा आणि सातला सांगितलं. सहा नंबरवाला हसला. "बाई, मागच्या वेळी आम्ही रडून घेतलं. आता खड्ड्यात बघा, झोपला असेल." हे एकतीस जिवंतवाले. मग म्हटलं, मीच पुढे जाते. पुढच्या आळीत गेले, एका दारावर सांगितलं, "माझा भाऊ गेला हो." त्या बाईने माझा हात हातात घेतला. "माहीत आहे, ताई. चार वर्षं झाली. किती दिवस कुढत बसणार? सावरा आता." आणि मला पाणी दिलं. पुढच्या दारातही तेच. तिसऱ्या दारात तर मला घरी सोडायला माणूस बरोबर दिला, म्हणाले ताईंच्या मनावर परिणाम झालाय.

कचेरीत फोन केला. कारकून म्हणाला, "ताई, त्यांचा फोटो तर लावलेला आहे. अजून काय करू सांगा?"

मी घरी येऊन त्याच्याजवळ बसले. बाई शेजारी होत्या, हळूच म्हणाल्या, "गुणोत्तर शून्य." मी म्हटलं, "बाई, आत्ता गणित नको." चार वाजले. दात काढणारा डॉक्टर, इस्त्रीवाला, बाई आणि मी. मी त्याला मनात म्हटलं, बघ रे, तुझी बातमी मधेच अडकली.

आणि साडेचार वाजले.

आधी लांब कुठेतरी बादली आपटल्याचा आवाज झाला. मग अजून एक. माझ्या डोक्यात काही येईना. बाहेर बघते तर आळीच्या तोंडाला माणसं. हातात बादल्या, हंडे, कळश्या. रागाने लाल. कारण पाणी आलं नव्हतं. तो जिवंत होता तेव्हा येत होतं, तो मेला होता तेव्हाही येत होतं, आणि आज पाचशे दहा घरांत नळ पिळून पिळून लोकांचे हात दुखले तरी थेंब नाही. साखळी नाही, पायऱ्या नाहीत, एकदम सगळ्यांना एकाच वेळी कळलं. "कुठंय तो नवा? बाहेर काढा त्याला!"

इस्त्रीवाला दारात उभा राहिला. म्हणाला, "नवा कुणी नव्हता. हाच होता. पहिल्यापासून हाच. आज गेला."

पहिली ओळ आत आली, बघितलं, बादली खाली ठेवली. मग मागची. एकेक करून बादल्या ठेवल्याचा आवाज येत राहिला, पार कोपऱ्यापर्यंत. नळावर माझ्या गळ्यात पडलेल्या चौघी त्यात होत्या. त्यांनी एकमेकींकडे बघितलं, परत रडायचं की मागचं धरायचं हे त्यांना कळेना. मग रडल्या. सहा नंबरवाला मान खाली घालून उभा. एक्केचाळीसचे नवरा-बायको एकाच हंड्याला दोन्हीकडून धरून आलेले.

सगळ्यात शेवटी आजी. लहानशी बादली, काठी, चढ उतरून. माझ्यापुढे येऊन म्हणाल्या, "तो नवा कुठे गेला? पहिला असता तर असं झालं नसतं."

मी म्हटलं, "आजी, दोघंही गेले."

त्या बादली पालथी घालून त्याच्या उशाशी बसल्या, आणि म्हणाल्या, "नवाही वाईट नव्हता. दर रविवारी यायचा. ऐकून घ्यायचा."

तेव्हा मी पहिल्यांदा रडले. मग उठले, चावी घेतली. नळ कोरडे ठेवून त्याला न्यायचं मला बरं वाटेना. झाकण डॉक्टरने उचललं. मी मोजत फिरवत गेले, कुणीतरी मधे "ताई, मी करू का" म्हणालं, तर परत पहिल्यापासून. चौदा.

आता गंमत अशी की पाणी आल्याचं सांगायला घरी कुणी नव्हतंच. सगळे इथे. आणि कोरडे नळ बघताना प्रत्येकाने ते उघडेच टाकले होते. पाचशे दहा नळ एकदम सुटले. पाणी मोऱ्या भरून उंबऱ्यांवरून आलं, जिन्यांवरून आलं, गल्ल्यांतून चढाकडून उताराकडे आलं. साडेपाचला त्याला घेऊन निघालो तेव्हा घोट्यापर्यंत पाणी. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "नळ बंद करून येऊ का?" कुणी गेलं नाही. चपला हातात घेऊन सगळे चालत राहिले. तासभर कुणी व्हॉल्व्हही बंद केला नाही, टाकी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी वस्तीला पाणी नव्हतं, आणि कुणी तक्रार केली नाही.

कारकुनाने फोटोवरची काळी फीत बदलून नवी लावली. मला विचारून लावली.

चावी सध्या माझ्याकडे आहे, कचेरीचा माणूस मिळेपर्यंत. तिसऱ्या दिवशी टाकी भरली. मी चौदा फेरे फिरवले, इस्त्रीवाल्याला सांगितलं, बाईंना सांगितलं, आणि घरी न जाता सरळ चढ चढायला लागले. मला बघायचं होतं. माझ्या गुडघ्यांना वीस मिनिटं लागली. वाटेत दारादारांतून ओरडणं चाललेलं, कुणी कुणाला, कुणी कुणाला.

आजी दारात बसल्या होत्या. बादली भरून बाजूला ठेवलेली, वर ताटली झाकलेली.

"पाणी आलं, आजी," मी म्हटलं.

"मघाशीच कळलं," त्या म्हणाल्या. माझ्या हातातल्या चावीकडे डोळे बारीक करून बघितलं. "तू तिसरी का?"

"हो. तिसरी."

"बस मग. पहिल्या दोघांबद्दल सांगते तुला."